आजीच्या जादूच्या गोष्टींचं पुस्तक घरच्या घरी कसं करावं

माझ्या आजीच्या गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात नसतो. सात समुद्रांपलीकडे डोंगर, डोंगरावर वड, वडाच्या ढोलीत डबी आणि डबीत भुंगा. त्या भुंग्यात त्याचा जीव. डबी दर वेळी पितळेचीच. का, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. माजघराच्या कोनाड्यात आजोबांची चुन्याची पितळी डबी असायची आणि गोष्ट ऐन रंगात आली की आजी तिच्याकडे बोट करायची. पोपटवाला राक्षस कुठल्याही पुस्तकात मिळेल. पितळेच्या डबीतला फक्त आमच्या घरात.

मुलांसाठी जादूच्या गोष्टींचा संग्रह घरी करायचा तर तो अशा डबीसाठी करावा, असं माझं मत आहे. सिंड्रेला आणि हिमगौरी दुकानात ढिगाने आहेत, त्यात आपण भर घालायची गरज नाही. खाली सांगते ती पद्धत मी ११ गोष्टींच्या ६४ पानी पुस्तिकेसाठी वापरली. मला सात महिने लागले, पण त्यातला बराच काळ माझ्या चुका निस्तरण्यात गेला. तुमचं काम तीन महिन्यांत व्हायला हरकत नाही.

आधी नुसती यादी

"आजी, तुला येतात त्या सगळ्या गोष्टी सांग" असं म्हटलंत की उत्तर ठरलेलं: "मला कुठल्या येत्यात आता?" ती खोटं बोलत नसते. गोष्टी अशा एका दावणीला बांधलेल्या नसतात. त्यांना एकेक करून हाक मारावी लागते. म्हणून खुंट्या शोधा. राक्षसाची कुठली येते? सात भावांची एक बहीण असलेली? नावडत्या राणीची? साप नवरा होतो ती? बोलणारं झाड? परीस?

सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीपासून सुरुवात केली तर उत्तम. मी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट मुद्दाम चुकीची सांगायला घेतली. "लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन" इथवर आले आणि आजीने मला थांबवलं. तिच्या गोष्टीतली म्हातारी तूपरोटी खात नाही, पुरणपोळी खाते. त्या दुपारी तिने सलग चार गोष्टींची नावं सांगितली. सांगणाऱ्याला विचारण्यापेक्षा त्याला आपली चूक सुधारू द्यावी, हे तेव्हा कळलं.

वहीत प्रत्येक गोष्टीला एक पान द्या. वर तिने दिलेलं नाव लिहा, आपलं नको. आमच्याकडे एका गोष्टीचं नाव "ती रडकी" एवढंच आहे. खाली कोणाकडून ऐकली, कुठल्या गावात, जादूची वस्तू कोणती आणि पुन्हा पुन्हा येणारी ओळ कोणती, इतकं पुरतं.

फक्त घरच्या आजीवर थांबू नका. आत्या, शेजारच्या काकू, घरकामाला येणाऱ्या मावशी, सगळ्यांना विचारा. १८६५-६६च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर दख्खनच्या दौऱ्यावर होते आणि त्यांची मुलगी मेरी त्यांच्यासोबत होती. छावणीत तिच्याबरोबर होती तिची आया, ॲना लिबराता डिसोझा. ॲनाचं घराणं मूळचं कालिकतचं लिंगायत, मग गोव्याजवळ येऊन स्थायिक झालेलं आणि तिथे ख्रिस्ती झालेलं. तिने आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या आणि १८६८ साली त्या लंडनमध्ये 'ओल्ड डेक्कन डेज' या नावाने छापून आल्या. त्यात पोपटात जीव ठेवणारा जादूगारही आहे. गव्हर्नरच्या घरातला हा खजिना आयेच्या तोंडात होता, एवढं लक्षात ठेवून मग विचारायला निघा.

एक खुलासा. जीव बाहेर कुठेतरी लपवून ठेवणाऱ्या राक्षसाची गोष्ट जगभर आहे. लोककथांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत तिला ३०२ हा क्रमांकसुद्धा आहे. तेव्हा "आमची गोष्ट अस्सल की कुठून आलेली?" या घोळात पडू नका. गोष्ट कुठूनही आलेली असो, डबी तुमची आहे ना ते पाहा. श्रावणातल्या कहाण्या मात्र मी वेगळ्या ठेवल्या. आटपाट नगर तिथेही आहे, पण त्यांना व्रताची चौकट असते आणि छापील पोथ्यांमुळे त्या घरोघर जवळजवळ सारख्याच सांगितल्या जातात.

रेकॉर्डिंग: समोर मूल हवं

ही पायरी चुकली तर पुढचं सगळं फुकट.

माझं पहिलं रेकॉर्डिंग मी आणि आजी, दोघीच बसून केलं. आजीने मला गोष्टीचा सारांश सांगितला. अक्षरशः सारांश: "एक राजा असतो, त्याला मूल नसतं, मग त्याला साधू भेटतो वगैरे." हे 'वगैरे' आजीच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मोठ्या माणसाला गोष्ट सांगायची तर आणखी कशी सांगणार? दुसऱ्या वेळी माझी सहा वर्षांची मुलगी शेजारी बसवली आणि तीच गोष्ट चार मिनिटांवरून एकवीस मिनिटांवर गेली. राक्षसाला आवाज आला, घोड्याला टापा आल्या.

मुलाला एक काम द्या: हुंकारा. दर वाक्यापाशी "हूं" म्हणायचं. हुंकारा थांबला की आजी "झोपली का गं?" म्हणून विचारणार, आणि गोष्टीची लय त्या हुंकाऱ्यावरच चालते. रेकॉर्डिंगमध्ये तो येऊ द्या, कापू नका.

बाकी तांत्रिक गोष्टी थोड्या आहेत. साधा मोबाइल पुरतो. तो एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर राजकन्येला शाप मिळत असताना विम्याचा फोन येतो. फोन स्टीलच्या ताटात किंवा लाकडी पाटावर ठेवू नका, बांगडीचा प्रत्येक आवाज हातोड्यासारखा येतो. घडी केलेल्या टॉवेलवर, आजीच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. डोक्यावरचा पंखा बंद करा. उन्हाळ्यात ते अशक्य असेल तर सकाळी लवकर बसा. कुकर आधी उतरवून घ्या. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि सांगणाऱ्याचं नाव बोला. फाइलचं नाव पुढे बदलतं, आवाज बदलत नाही.

मध्ये बोलू नका. शब्द अडला तर वहीत टिपून ठेवा आणि शेवटी विचारा. "भारा म्हणजे काय गं?" एवढं मध्येच विचारलंत तरी ती शिक्षिका होते, मग सांगणारी राहत नाही.

जमल्यास प्रत्येक गोष्ट दोनदा घ्या, मध्ये आठवडाभर जाऊ द्या. जर्मनीतल्या कासेलजवळच्या डोरोथेया फीमान या बाईने लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंना पुष्कळ गोष्टी दिल्या. ती आधी आपल्या ओघात सांगे आणि विचारलं तर पुन्हा सावकाश सांगे, म्हणजे लिहून घेता येई. दुसऱ्या सांगण्यातही ती काही बदलत नसे, असं त्या भावांनी आपल्या संग्रहाच्या १८१५च्या खंडात नोंदवलं आहे. माझी आजी बदलते, भरपूर बदलते. पण दोन्ही वेळा जे तसंच राहतं ना, तो त्या गोष्टीचा कणा. 'पितळेची' हा शब्द दोन्ही वेळा होता. राजपुत्र घोड्यावरून गेला की पायी, ते बदललं.

आणि त्याच रात्री फाइलची प्रत दुसरीकडे ठेवा. माझ्या तीन गोष्टी फोनबरोबर पाण्याच्या बादलीत गेल्या. त्यातली एक आजीला पुन्हा आठवलीच नाही.

कागदावर उतरवणं

इथे घाई करू नका. पहिला खर्डा जसाच्या तसा हवा: "मग काय", "आन् मग", खोकला, "थांब हां, चुकले", सगळं. प्रत्येक श्वासाला नवी ओळ. हातवारे चौकटी कंसात लिहा: [डबीकडे बोट], [दोन्ही हात पसरून]. वीस मिनिटांच्या गोष्टीला मला दोन-अडीच तास लागत. गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप करता येतं, पण आजीचं रेकॉर्डिंग त्याला थेट ऐकवून उपयोग झाला नाही. 'ल्योक'चं त्याने 'लोक' केलं. त्यापेक्षा कानात इअरफोन घालून स्वतः ऐकायचं आणि वाक्य आपल्या तोंडाने पुन्हा बोलायचं, हे जलद होतं. मग बोलीतले शब्द हाताने दुरुस्त करायचे.

आता माझी सर्वांत मोठी चूक. आजीच्या तोंडचं हे होतं:

"मग राजाचा ल्योक गेला, गेला, लई लांब गेला. वाटंत तेला येक म्हातारी भेटली. म्हातारी म्हनली, लेकरा, माज्या डोईवरचा भारा उतरीव."

मी त्याचं असं केलं: "राजपुत्र प्रवासाला निघाला. बराच काळ प्रवास केल्यानंतर त्याला एक वृद्ध स्त्री भेटली. तिने त्याच्याकडे मदतीची याचना केली."

आणि मोठ्या अभिमानाने तिला वाचून दाखवलं. आजीने ऐकून घेतलं, मध्ये बोलली नाही. शेवटी म्हणाली, "चांगलंय. कुनाची गोष्ट हाय ही?"

अकराच्या अकरा गोष्टी मी पुन्हा लिहिल्या. छापलं ते असं: "मग राजाचा मुलगा गेला, गेला, लई लांब गेला. वाटेत त्याला एक म्हातारी भेटली. म्हातारी म्हणाली, 'लेकरा, माज्या डोईवरचा भारा उतरीव.'" निवेदन साध्या बोलीतल्या मराठीत, म्हणजे 'केले, गेले' न लिहिता 'केलं, गेलं', आणि पात्रांच्या तोंडचं आजीच्या बोलीत. तुमच्याकडे वऱ्हाडी असेल, मालवणी असेल, अहिराणी असेल. हीच वाटणी चालते. अहिराणीत गोष्ट पुरती वेगळी वाटत असेल तर सगळीच तशी छापा आणि पानाच्या खाली चार-पाच शब्दांचे अर्थ द्या. 'गेला, गेला' यातला दुसरा 'गेला' शाळेतल्या बाईंना जास्तीचा वाटेल. पण तेवढ्यातच तर तो लांब जातो.

म्हणून नियम: प्रत्येक गोष्ट पक्की झाली की सांगणाऱ्याला वाचून दाखवा आणि तिच्या तोंडाकडे पाहत राहा. मेरी फ्रियरही लिहून झालेली गोष्ट ॲनाला वाचून दाखवून तपशील बरोबर उतरलेत ना, ते ताडून घेत असे. मला हे आधी माहीत असतं तर पाच महिने वाचले असते.

काय ठेवायचं, काय काढायचं

सगळं जसंच्या तसं मुलांपुढे ठेवावं, असं मी म्हणणार नाही. ग्रिम बंधूंनीही ठेवलं नाही. १८१२च्या पहिल्या खंडात हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. मग १८२५ साली त्यांनी निवडक ५० गोष्टींची छोटी, सचित्र आवृत्ती काढली, खास मुलांसाठी. शिक्षा आणि रक्तपात मात्र त्यांनी फारसे कमी केले नाहीत.

माझा निकष: भीती ठेवायची, अपमान काढायचा. राक्षस "माणूसघाण, माणूसघाण" करत घरभर हुंगत फिरतो आणि पोर पेटाऱ्यात श्वास रोखून बसतं, हे सौम्य केलं की गोष्ट मेली. मुलं उशीत तोंड खुपसतात आणि पुन्हा तीच गोष्ट मागतात. पण आजीच्या एका गोष्टीत राणी नावडती होती कारण ती काळी होती. माझी मुलगी स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. आजीशी बोलले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "मग मुकी कर तिला. राजाला बोलनारीच लागायची." गोष्ट त्याने सुधारलीच, कारण पुढे त्या राणीच्या वतीने तिची मैना बोलते. दुसऱ्या एका गोष्टीत चोर म्हणजे एका जातीचंच नाव होतं, तिथे नुसतं 'चोर' केलं. असा प्रत्येक बदल वहीत टिपून ठेवा. मूळ खर्डा आणि आवाज तसाच जपा, तो बदलायचा नाही.

ज्याला अजिबात हात लावायचा नाही ते म्हणजे धृपद. "म्हातारी कोतारी मला नाही माहीत, चल रे भोपळ्या टुणूक टुणूक" ही ओळ दर वेळी अक्षरशः तीच आली पाहिजे. कंटाळवाणं होईल म्हणून दुसऱ्या खेपेला वेगळे शब्द घालावेत, असा मोह आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांना होतो. मुलं त्या ओळीची वाट बघत असतात आणि वाचता येत नसलेलं मूलसुद्धा तेवढी ओळ 'वाचतं'. आम्ही ती जाड ठशात छापली. सात भाऊ असले तर सातही जणांकडे जावं लागतं. फार तर मधल्या चौघांना एकेका वाक्यात उरका.

काही गोष्टी घालू नका. शेवटी तात्पर्य नको. परीला सोनेरी केस आणि निळे डोळे नकोत, आजीने सांगितले नसतील तर. आजीची परी नऊवारी नेसते आणि तिला पंख नाहीत, ती 'भिंगरीगत' येते.

हातवाऱ्यांचं मात्र शब्दांत रूपांतर करावं लागतं. "राक्षस एवढा मोठा" आणि पसरलेले दोन हात, हे कागदावर काय करणार? आजीला विचारलं, एवढा म्हणजे केवढा? "आपल्या वाड्याच्या दारातून आत आला तर डोकं आत, पाय वढ्यात." छापून टाकलं.

क्रम आणि लांबी

सहा-सात वर्षांच्या मुलाला एका बैठकीत ३००-४०० शब्द पुरतात, तेही धृपद असलेले. आठ-दहा वर्षांची मुलं ८०० ते १००० शब्द स्वतः वाचतात. पुस्तकात आधी छोट्या, ओळखीच्या, प्राण्यांच्या गोष्टी ठेवा. भोपळा, चिमणी-कावळा वगैरे. राक्षस मध्यावर येऊ द्या. सर्वांत लांब गोष्ट शेवटी नको, शेवटून दुसरी ठेवा आणि मग एक हसरी. निजताना पुस्तक मिटलं जातं, त्या वेळी भुंग्याचे पाय तोडलेले नकोत.

अक्षर, चित्रं आणि छापखाना

मी ए-फोर कागद मध्ये दुमडून होणारा आकार घेतला. १४ पॉइंटात एका पानावर साधारण १५० शब्द बसले. लहान मुलांच्या गोष्टी १८ पॉइंटात घ्या. फॉन्ट युनिकोडच हवा, म्हणजे कुठल्याही संगणकावर चालणारा. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी मोफत मिळतात आणि मुलांना वाचायला सोपे आहेत. निवडण्याआधी एक ओळ छापून बघा: "तऱ्हेवाईक म्हाताऱ्याने लाल शालीत ॲल्युमिनियमचं ज्ञान बांधलं." ओळ वेडगळ आहे, पण तिच्यात सगळी परीक्षा आहे. 'ऱ्या' नीट जोडला जातो का, ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी, 'ॲ' तुटतो का, हे एका नजरेत कळतं. ल-श हिंदी वळणाचे आले तर मजकुराची भाषा मराठी ठरवून बघा, काही फॉन्टांत तेवढ्याने बदलतात.

छापखान्याला वर्डची फाइल कधीही देऊ नका. आमच्या पहिल्या प्रुफात सगळ्या 'म्हाताऱ्या' 'म्हातार्या' झाल्या होत्या, कारण तिथे मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये बदलून घेतला होता. पीडीएफ द्या, फॉन्ट आत बसवून, आणि प्रूफ कागदावरच मागा.

चित्रं मुलांकडून काढून घ्या, पण गोष्ट ऐकवून. छापील चित्र दाखवून नको. काळ्या पेनाने, पांढऱ्या कागदावर, रंग न भरता. स्कॅन ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके. इंटरनेटवरचं चित्र उचलू नका. तसंच परंपरेने आलेली गोष्ट कुणाच्या मालकीची नसते, पण कुणी लिहिलेलं तिचं रूप असतं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. ग्रिम बंधूंची मूळ जर्मन गोष्ट मोकळी आहे, पण तिचा अलीकडचा मराठी अनुवाद मोकळा नाही.

मुखपृष्ठावर सांगणाऱ्याचं नाव मोठं घाला, 'शब्दांकन' म्हणून आपलं खाली, लहान. अर्थात तिला विचारून. इतर कुणाकडून गोष्ट घेतली असेल तर त्या गोष्टीपाशी तिचं नाव घाला आणि एक प्रत आठवणीने पोचवा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, नात्यागोत्यात वाटायच्या पुस्तिकेला लागत नाही. विकायचं ठरवलंत तर राष्ट्रीय संस्थेकडून तो विनामूल्य मिळतो.

आतला कागद ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो, म्हणजे साधा, न चकाकणारा छपाईचा कागद. कव्हर २५० जीएसएमचं आर्टकार्ड, म्हणजे जाड, गुळगुळीत कागद. मध्ये पिना मारून बांधायचं तर पानांची संख्या चाराच्या पटीत हवी आणि ६४च्या पुढे जाऊ नका, नाहीतर पुस्तक मिटत नाही, अर्धवट उघडं राहतं. जास्त पानं असतील तर शिवून घ्या. मुलांच्या हातात गोंदाने चिकटवलेलं पुस्तक महिनाभरात सुटतं.

आमची पानं ६२ भरली. चाराच्या पटीसाठी शेवटी दोन कोरी सोडली आणि वर छापलं: 'तुमच्या घरची गोष्ट इथे लिहा.' आमच्या घरच्या प्रतीत तिथे आजीच्या हस्ताक्षरात तूरडाळ दोन किलो, गूळ, काडेपेटी असं लिहिलेलं आहे.